शिक्क्याबाहेरचं रक्त

सकाळी आठला लॅबच्या खिडकीवर रांग लागायची. फॉर्म हातात आला की मी नाव नंतर वाचायचे, आधी कोपऱ्यातला शिक्का बघायचे. जांभळ्या शाईत ‘ए.एन.सी.’ असलं म्हणजे बाई गरोदर. तिचा फॉर्म वरच्या गठ्ठ्यात, बाकीचे खाली. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात मी छत्तीस वर्षं रक्त तपासलं. १९७९ला लागले, २०१५ला सुटले. त्या खालच्या गठ्ठ्यात पुरुष भरपूर असायचे, ऑपरेशनच्या आधी पाठवलेल्या बायका असायच्या. पण पस्तीस-चाळिशीची, पोटुशी नसलेली, नुसतं ‘थकायला होतं हो’ म्हणणारी बाई क्वचितच. ती रांगेत उभी असायची, पण जावेचा नाहीतर भावजयीचा फॉर्म घेऊन.

तेव्हा मला हे खटकलं नाही, हे आधीच कबूल करते.

सुरुवातीची वर्षं आमच्याकडे सहलीची नळी होती. नळीत आधी थोडं पातळ ॲसिड घ्यायचं, बोट टोचून वीस मायक्रोलिटर रक्त पिपेटने ओढून त्यात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. रक्त चहाच्या रंगाचं व्हायचं. मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालत, ढवळत, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत पातळ करत जायचं. रंग जुळला की पातळी वाचायची. नळी एकच, काच एकच. फरक पडायचा तो रजिस्टरमध्ये आकडा लिहिल्यावर. साडेबारा आला तर पुरुषाच्या नावापुढे आम्ही तांबड्या पेनाने खूण करायचो, बाईच्या नावापुढे नाही. पुरुषाला तेरा लागतात, बाईला बारा पुरतात, गरोदर असली तर अकरा. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेने १९६८मध्ये लावून दिले आणि आम्ही ते पाढ्यासारखे पाठ केले होते.

माझी आई गिरणीत वायंडिंग खात्यात होती. १९८२च्या जानेवारीत संप झाला, तिचं काम सुटलं ते सुटलंच. १९८८च्या पावसाळ्यात ती चाळीचा जिना चढताना दोनदा टेकायला लागली. जवळच्या एका डॉक्टरांनी टॉनिकची बाटली लिहून दिली आणि ‘ह्या वयात बायकांना होतंच’ असं म्हणाले. मी दिवसाला शंभर बोटं टोचत होते, घरातल्या बोटाकडे मात्र बघितलं नव्हतं. शेवटी एका सकाळी तिला माझ्याबरोबरच नेलं. हिमोग्लोबिन ६.८. काचपट्टीवर लेशमनचा रंग चढवून मायक्रोस्कोपखाली धरली. लोह कमी पडलेल्या रक्तात पेशी लहान आणि फिकट दिसतात. इथे तांबड्या पेशी मोठ्या होत्या, अंड्यासारख्या लांबट, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-पाच, सहा-सहा पाकळ्या.

“आये, याआधी रक्त कधी तपासलं होतंस?”

“बाबू झाला तेव्हा. त्याच्यानंतर कोण कशाला टोचतंय?”

बाबू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी काचपट्टी बघितली, औषध सांगितलं आणि उठता उठता म्हणाल्या, “ह्या पेशीच्या मागे जी बाई लागली होती ना, ती परळलाच बसायची. हाफकिनमध्ये. लूसी विल्स.” मी गिरणगावात वाढले. हाफकिन म्हणजे सापावरची लस आणि भिंतीपलीकडची मोठी झाडं, एवढीच माझी माहिती. लूसी विल्स हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं. पुढे सुट्टीच्या दिवसांत, लायब्ररीत बसून, मिळेल तसं तिच्याबद्दल वाचत गेले.

हाफकिनची ती इमारत एकेकाळी गव्हर्नराचं घर होती. १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे कॉलऱ्याने गेली. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम कायमचा मलबार हिलला गेला. १८९९मध्ये वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली आणि १९२५मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. साहेब निघून गेले त्या परळात गिरण्यांची धुराडी आणि चाळी वाढत राहिल्या. १९२६मध्ये के.ई.एम. आणि गिरणीतल्या कामगारांच्या बायकांसाठी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. १९२८मध्ये तर गिरणगावात सहा महिने संप चालला. लाख-दीड लाख माणूस बाहेर, गिरणी कामगार युनियन त्याच मे महिन्यात जन्मलेली. जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर आसवल्यांच्या प्रसूतीभत्त्याच्या बिलावर बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९मध्ये तो कायदा झाला. मुद्दा देशाच्या हिताच्या वाटेने न्यावा लागला, हे मला त्या काळाचं लक्षण वाटतं. बाईला विसावा तिच्यासाठीच हवा, असं म्हणून ते बिल मालकांसमोर तगलं असतं की नाही, शंकाच आहे.

त्याच १९२८ साली लूसी विल्स मुंबईत आली. वय चाळीस. जन्म बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून १९११मध्ये परीक्षा दिली. पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज बायकांना पूर्ण पदवी द्यायला लागलं ते १९४८पासून. मग लंडनला, बायकांसाठी काढलेल्या मेडिकल कॉलेजात शिकून ती १९२०मध्ये डॉक्टर झाली. दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलात गरोदर बायकांच्या रक्ताची रसायनं तपासायला बसली. आमच्याच जातीची म्हणायची, लॅबवाली.

तिला बोलावलं मार्गारेट बाल्फर यांनी. ह्या डॉक्टरीणबाई भारतात पुष्कळ वर्षं काम करत होत्या आणि बाळंतपणात बायका मरतात कशाने, ह्याची मोजदाद त्यांनी सुरू केली होती. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आय.सी.एम.आर.चं जुनं नाव, तिच्या पैशातून ही चौकशी चाललेली. मुंबईत बायका सातव्या-आठव्या महिन्यात पांढऱ्याफटक पडत, पायावर सूज, जिभेवर फोड, आणि बाळंतपणाच्या आसपास जात. रक्त तपासलं तर पेशी संख्येने अगदी कमी, पण एकेक पेशी मोठी. युरोपात अशा पेशींचा ‘पर्निशस ॲनिमिया’ माहीत होता. १९२६मध्ये बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी तो कलेजी खायला घालून बरा करून दाखवला होता. म्हणून मुंबईतल्या आजारालाही नाव पडलं ‘गरोदरपणातला पर्निशस ॲनिमिया’. लूसीने आपल्या निबंधांच्या मथळ्यात ते नाव अवतरणचिन्हांत लिहिलं. मला ती दोन चिन्हं फार आवडतात. नाव वापरते, पण पटलेलं नाही, असं.

आधी तिने जंतू शोधले. मिळाले नाहीत. मग ती ताटाकडे वळली. १९३०मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी छापून आली. त्यावर विल्सच्या नावाशेजारी तळपदे हे आडनाव आहे. त्याआधीच्या निबंधावर मेहता हे. लूसीला मराठी, गुजराती, हिंदुस्थानी कुठली यायला? चाळीतल्या आणि मोहल्ल्यातल्या बायकांना ‘काल काय शिजवलं, तुमच्या वाट्याला काय आलं’ हे कुणीतरी त्यांच्या भाषेत विचारल्याशिवाय ती पाहणी होणारच नव्हती. हे काम मी केलेलं आहे. फॉर्मवर ‘आहार : पुरेसा’ असं लिहिलेलं असतं आणि बाईला नीट विचारलं की कळतं, भात सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने पातेल्याला लागलेला खरवडून चहाबरोबर खाल्ला. भाजी संपलेली असते. भाजी नेहमीच संपलेली असते.

पाहणीत दिसलं असं की सर्वांत निकृष्ट ताट गरीब मुसलमान बायकांचं आणि ह्या आजारात सर्वांत जास्त सापडणाऱ्याही त्याच. पॉलिश केलेला तांदूळ, पांढरा पाव. पालेभाजी, फळ, दूध जवळजवळ नाही. पैसेवाल्या घरांत तो आजार एवढा दिसत नव्हता, म्हणजे गोष्ट खिशाची होती. ह्यात धर्म ओढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग तिने तेच ताट गाभण उंदरांना दिलं. उंदीर अशक्त झाले, यीस्ट दिल्यावर सुधारले. पण पुढे उघड झालं की उंदरांच्या अंगावरच्या उवांतून आलेला एक जंतूही त्यांचं रक्त खात होता. एवढी मेहनत, आणि मध्ये उवा! म्हणून माकडं आणली. त्यांनाही गरीब बाईचाच आहार. माकडांचं रक्त तसंच उतरलं, मोठ्या पेशींसकट. आणि मार्माइटने ते परत चढलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात तळाशी उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. दारूच्या गाळापासून होणारी, कलेजीपेक्षा कितीतरी स्वस्त, मांस न खाणाऱ्यांनाही चालणारी वस्तू. लूसीने ती आजारी बायकांना दिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई जेवायला मागायची, मग रक्तात कोवळ्या पेशी दिसू लागायच्या आणि थोड्या आठवड्यांत पेशींची संख्या भराभर चढायची. जून १९३१च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिने बावीस रुग्णांचा हा अहवाल छापला.

बावीस! आजच्या हिशेबाने कुणी हसेल. पण तिने पुढे जे ताडलं ते बावीस जणींच्याही पलीकडचं होतं. युरोपातल्या पर्निशस ॲनिमियावर शुद्ध केलेला कलेजीचा अर्क रामबाण होता. तो ह्या बायकांना लागू पडेना. कच्चा, न गाळलेला अर्क मात्र लागू पडायचा. म्हणजे गाळताना काहीतरी वेगळं निघून जात होतं, आणि ह्या बायकांना नेमकं तेच हवं होतं. ‘विल्स फॅक्टर’ म्हणून त्याचं नाव पडलं. १९४१मध्ये टेक्सासात चार टन पालक उकळून, गाळून त्यातून एक आम्ल वेगळं केलं गेलं. पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटलं. १९४५च्या सुमाराला अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झालं आणि त्या चमूचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईतल्या बायकांच्या ताटात जी भाजी संपलेली असायची, तिचं हे पुढचं टोक.

आता थोडं मागे जाते, कारण ह्या गोष्टीला एक जुनं शेपूट आहे. १५५४मध्ये जर्मनीतल्या योहानेस लांगे नावाच्या वैद्याने मित्राला पत्र लिहिलं. मित्राची मुलगी ॲना फिकी पडली होती, जिना चढताना दम लागायचा, जेवण नकोसं झालेलं. लांगेने सांगितलं, हा कुमारिकांचा रोग आहे, तिचं लग्न करून टाक. पुढे ह्या रोगाला ‘क्लोरोसिस’ म्हणू लागले आणि तीनशे वर्षं पोरींच्या पांढऱ्या चेहऱ्याचं कारण त्यांच्या मनात, प्रेमात, कौमार्यात शोधलं गेलं. मध्येच, १८३०च्या सुमाराला, फ्रान्सच्या पिएर ब्लो यांनी लोहाच्या गोळ्या देऊन मुली बऱ्या केल्या, तरी मनाचा सिद्धांत हटेना. १८९०च्या दशकात स्कॉटलंडच्या राल्फ स्टॉकमन यांनी पुराव्यानिशी दाखवलं की हा साधा लोहाचा तुटवडा आहे. पाळी सुरू झालेली, वाढीच्या वयातली, कमी जेवणारी मुलगी. तिचं लोह जातं जास्त आणि येतं कमी. आपल्याकडे पांडुरोगावर मंडूर भस्म द्यायची चाल होतीच, पण ‘लग्न झालं की सगळं सुटेल’ म्हणणाऱ्या आत्याही होत्या. माझी एक आत्या लांगेचं पत्र न वाचताच शब्दन् शब्द तेच बोलायची.

पाळीत जातं ते रक्त किती, हे मोठ्या संख्येने मोजायलाही १९६६ उजाडावं लागलं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये हॉलबर्ग आणि सहकाऱ्यांनी ४७६ बायकांचे पॅड गोळा करून त्यांतलं रक्त मोजलं. ऐंशी मिलिलिटरच्या वर गेलं की लोह पुरत नाही, हा हिशेब तिथून आला. त्याच अभ्यासात दिसलं की पुष्कळ जास्त रक्त जाणाऱ्या कित्येक बायका स्वतःला अगदी नॉर्मल समजत होत्या. आमच्या गिरणगावात पाळी म्हणजे आधी गिरणीतली, पहिली, दुसरी, रातपाळी. तिचे तास-मिनिटं मोजायला मुकादम होता, भोंगा होता. बाईच्या महिन्याच्या पाळीचं मोजमाप कुणाकडे नव्हतं.

हे वाचल्यावर माझं बारा-तेराचं पाठांतर डळमळायला लागलं. रक्त मोजण्याच्या शास्त्रात शंभर टक्के म्हणजे कोण, हे हॉल्डेन यांनी १९०१मध्ये ठरवलं ते निरोगी प्रौढ पुरुषांच्या सरासरीवर. बाई त्यापेक्षा खाली, म्हणून तिचं नॉर्मल खाली. काही फरक खराच आहे. पुरुषांतला टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी जास्त बनवायला लावतो, हे कुणी नाकारत नाही. पण जिथे दर महिन्याला लोह जातं आणि ताटातून भरून येत नाही, तिथे ‘निरोगी’ म्हणून मोजलेल्या बायकांत लोह संपत आलेल्या किती मिसळल्या असतील? त्यांच्या सरासरीला नॉर्मल म्हटलं, की तुटवडाच कागदावर प्रकृती होऊन बसतो. ह्यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडे पुन्हा तपासले आणि बारा-तेरा तसेच ठेवले. माझा अनुभव विचाराल तर रक्तदान शिबिरात बघा. तिथे बाई-पुरुष दोघांनाही साडेबारा लागतात. रजिस्टरमध्ये नॉर्मल ठरलेली बारा-वाली बाई तिथून ‘ताई, पुढच्या वेळी या’ ऐकून परत जाते आणि आपल्याला काही झालेलं नाही, ह्याच समजुतीत राहते.

औषधांच्या बाबतीत तर बाईला मोजायचंच नाही, असाच नियम झाला होता. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइडने हजारो मुलं हातापायांविना जन्मल्यावर जी भीती बसली, तिच्यातून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७मध्ये मूल होऊ शकेल अशा बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. गर्भनिरोधक घेणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, सगळ्याच. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो, हे १९८०च्या दशकात बावीस हजार डॉक्टरांवर सिद्ध झालं, आणि ते सगळे पुरुष होते. १९९३मध्ये नियम उलटला. पण झोपेच्या झोल्पिडेम गोळीचा बायकांचा डोस निम्मा करायला २०१३ उजाडलं. बायकांच्या शरीरातून ती सावकाश निघते आणि सकाळी गाडी चालवताना अंमल उरतो, हे तोवर कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं. पोटात मूल असेल ह्या भीतीने बाई वगळली जाते, आणि पोटात मूल असेल तरच तिचं रक्त तपासलं जातं. हिशेब दोन्हीकडे मुलाचाच.

लूसी विल्सलासुद्धा मी यातून वगळत नाही. तिची चौकशी मातामृत्यूची होती, त्यासाठीच पैसे मिळाले होते. पण तिच्या निबंधांत गरोदरपणाच्या शेजारी ‘ट्रॉपिकल ॲनिमिया’ हा शब्द लवकरच येतो. हा आजार पोटुशीपुरता नाही, पुरुषालाही होतो, उपासमार होणाऱ्या कुणालाही होतो, हे तिने ओळखलं होतं. मागून आलेल्यांनी नेमका तेवढा भाग वाचायचा ठेवला. १९७०मध्ये आपल्या सरकारने लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी वाटायला घेतली, ६० मिलिग्रॅम लोह, अर्धा मिलिग्रॅम फोलिक ॲसिड. मिळायची ती मुख्यतः गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, आणि मुलांना. गोळी चांगली होती, तिने जीव वाचवले, मी रोज बघत होते. पण त्या गोळीचंही वेळापत्रक चुकलेलं. १९९१मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या १,८१७ बायकांवर केलेल्या चाचणीत दिसलं की गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याचे दोष ७२ टक्क्यांनी घटतात. मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. आमच्याकडे बाई नाव नोंदवायला यायची तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तेव्हा शिक्का, तेव्हा गोळी. तोवर नळी केव्हाच मिटलेली.

हे सगळं वेगळ्या बाजूने धरलं ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. गरोदर म्हणून नाही, दवाखान्यात आल्या म्हणून नाही. गावात राहतात म्हणून. जानेवारी १९८९च्या लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, एकेकीला सरासरी साडेतीनाच्या वर रोग, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं धरून चाललं होतं. हा निबंध मी लॅबच्या कोपऱ्यात बसून शब्दकोश घेऊन वाचला. आईची काचपट्टी पाहिली होती तिला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्त तपासायला सुरुवात झाली १९९८-९९मध्ये. तेव्हा तपासल्या फक्त लग्न झालेल्या बायका आणि लहान मुलं. पुरुषांचं रक्त त्यानंतरच्या फेरीपासून. म्हणजे ह्या चौकटीने पुरुषांचाही तोटाच केला, हेही सांगायला हवं. २०१९ ते २१च्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के बायका आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाचे निघाले. बायकांची मोजणी तिथेच, एकोणपन्नासला थांबली. पुरुषांचं रक्त चोपन्नपर्यंत घेतलं. आई त्या जिन्यावर टेकली तेव्हा पंचावन्नची होती.

तिला महिनाभरात बरं वाटलं. आधी भूक आली, अगदी निबंधात लिहिल्यासारखी. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली आणि दर सहा महिन्यांनी स्वतःहून बोट पुढे करायची. लूसी विल्स १९६४मध्ये वारली. हाफकिनच्या फाटकावरून मी अजूनही दर मंगळवारी भाजीला जाते.

तुमच्या घरात चाळिशी ओलांडलेली बाई असेल, आई, मावशी, सासू, कामाला येणाऱ्या ताई, तर आज संध्याकाळी तिला एवढंच विचारा की शेवटचं रक्त कधी तपासलं होतं. ती हसून ‘बाळंतपणात’ म्हणाली, तर उद्या सकाळी तिला लॅबमध्ये घेऊन जा. उपाशीपोटी जायची गरज नसते.